यिन-यांग समजून घेताना या चुका टाळा

चिनी विचारात यिन आणि यांग ही एकमेकांना पूरक अशा दोन विरुद्ध बाजूंची नावे आहेत. यांग उष्ण आणि यिन शीत, एवढेच लक्षात ठेवले की अंगातली प्रत्येक उष्णता यांग वाढल्याची खूण वाटू लागते, आणि सर्वांत मोठी गफलत येथेच होते. चिनी वैद्यकात उष्णतेचे दोन प्रकार मानतात. यांग खरोखरच वाढला असेल, तर चेहरा लालबुंद होतो, थंड पाणी कितीही प्यायले तरी तहान भागत नाही, जिभेवर पिवळा थर साचतो आणि नाडी जलद व जोरकस लागते. याउलट यिन घटल्यामुळे यांगाला आवर राहिला नसेल, तर दुपारनंतर बारीक ताप येतो, तळहात-तळपायांची आग होते, झोपेत घाम फुटतो, आणि जीभ लाल असली तरी तिच्यावर थर जवळजवळ नसतो. नाडीही जलद, पण बारीक असते. पहिल्या अवस्थेत उष्णता काढणारी कडू, थंड औषधे देतात. तीच दुसऱ्या अवस्थेत दिली तर कडू रसाने कोरडेपणा वाढून उरलासुरला यिनही आटतो, असे हे शास्त्र सांगते. म्हणून तेथे यिनचे पोषण करतात. चीनच्या सोंग राजवटीतील बालरोगवैद्य छ्यान यी यांचा सहा घटकांचा ‘लिऊ वेई दी हुआंग वान’ हा औषधी योग आजही त्यासाठी वापरला जातो.

मात्र संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम ही क्षयरोगाचीही लक्षणे आहेत. त्यांना ‘यिन कमी झाला’ एवढेच नाव देऊन घरी बसू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

आयुर्वेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला पित्त म्हणजे यांग आणि कफ म्हणजे यिन, अशी जोडी लावण्याचा मोह होतो. मग वाताचे काय करायचे? तो चंचल म्हणून यांगाकडे झुकतो आणि शीत म्हणून यिनकडे. शिवाय यिन-यांग नेहमी तुलनेनेच ठरतात: पाठीच्या तुलनेत पोट यिन, पण पायांच्या तुलनेत तेच यांग. त्यामुळे ‘माझी प्रकृती यांगची’ असा कायमचा शिक्का स्वतःवर मारून आहार ठरवणे चुकीचे आहे.

हातपाय गार पडतात म्हणून ‘यांग वाढवणारी’ औषधे ऑनलाइन मागवणे तर सरळ धोक्याचे आहे. त्यांपैकी फूझी ही आपल्याकडच्या बचनागाच्याच कुळातली विषारी मुळी आहे. तिच्यावर आधी प्रक्रिया करतात आणि काढ्यात ती इतर औषधांच्या आधी बराच वेळ उकळतात. ही काळजी अपुरी पडली, तर तोंडाला मुंग्या येण्यापासून हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.