दोन प्रस्फुरक फळ्यांनी विश्वकिरणांतील म्यूऑन कसे मोजावेत

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून जड कण; तो आरपार गेला की प्रस्फुरक प्लास्टिक क्षणभर प्रकाशते. असे म्यूऑन मोजण्याची मांडणी जुळली की पहिल्याच दिवशी गणकावर आकडे सरकू लागतात आणि नवख्याची फसगत नेमकी तेथेच होते. गणकावर दिसतील तितके म्यूऑन, असे तो धरून चालतो; प्रत्यक्षात त्या आकड्यात भिंतीतल्या पोटॅशियमकडून आलेले गॅमा किरण, प्रकाशगुणक नळीचा (त्या अंधुक प्रकाशाचे विद्युत स्पंदात रूपांतर करणाऱ्या नळीचा) स्वतःचा गोंगाट आणि टेपच्या फटीतून शिरलेला उजेड यांचा वाटा म्यूऑनांपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून मांडणी कशी करावी यापेक्षा आपण नक्की काय मोजले हे कसे पडताळावे, यालाच पुढे अधिक जागा दिली आहे.

काय अपेक्षित आहे हे आधी माहीत असावे. अवकाशातून येणारे प्राथमिक विश्वकिरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरांतील अणुकेंद्रांवर आदळतात; त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात आणि विद्युत्भारित पायॉनांचा क्षय होऊन सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन तयार होतात. समुद्रसपाटीवर आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो आणि त्याची सरासरी ऊर्जा सुमारे ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. असा वेगवान म्यूऑन एक सेंटिमीटर प्लास्टिकमधून जाताना सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मागे ठेवतो. अडचण अशी की पोटॅशियम-४० चा गॅमा किरण १४.६ लाखांचा आणि थोरियमच्या मालिकेतील सर्वांत जोरकस गॅमा किरण २६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. त्यामुळे एकाच पातळ फळीतील स्पंदाची उंची पाहून म्यूऑन कोणता आणि गॅमा कोणता हे खात्रीने सांगता येत नाही. यावर ब्रूनो रोसी यांनी १९३० मध्ये निर्वात नळ्या वापरून मांडलेला सहघटना-मंडलाचा उपाय आजही तसाच चालतो: एकावर एक ठेवलेल्या दोन शोधकांनी एकाच वेळी स्पंद दिला तरच मोजायचे. म्यूऑन दोन्ही फळ्या सहज भेदून जातो, गॅमा किरण क्वचितच तसे करतो.

फळ्या तयार करणे

पुढील हिशेब २० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फळ्या धरून केला आहे. जाडी एक सेंटिमीटर चालते, दोन असली तर उत्तम, कारण मग म्यूऑनचा स्पंद गॅमा किरणांच्या पुष्कळसा वर उठून दिसतो. प्रस्फुरक प्लास्टिक उघड्या हातांनी हाताळू नये. त्वचेच्या तेलकटपणामुळे त्याच्या पृष्ठभागावर बारीक तडे पडतात आणि आतला प्रकाश तेथे विखुरतो. फळीची एक कड प्रकाशगुणक नळीला प्रकाशीय ग्रीसने जोडावी आणि बुडबुडा राहिला असेल तर जोड सोडवून पुन्हा करावा. फळीभोवती आधी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद, त्यावर जाड काळा कागद आणि शेवटी काळा टेप अशा क्रमाने आवरण घालावे. नळीला विद्युत दाब लावलेला असताना तिच्यावर खोलीतला उजेड पडू देऊ नये, कारण त्याने नळी कायमची खराब होऊ शकते.

उजेडाची गळती ही या प्रयोगातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट आहे. आमच्या एका मांडणीत रोज दुपारी चारच्या सुमारास एका फळीची मोजणी वाढत असे. सुरुवातीला आम्ही त्यात काहीतरी वैश्विक कारण शोधत बसलो आणि चौथ्या दिवशी लक्षात आले की त्या वेळी खिडकीतून येणारी तिरपी उन्हे नळीच्या मानेपाशी, टेप वळवताना राहिलेल्या चुणीवर पडत होती. तेव्हापासून मी प्रत्येक फळीसाठी एकच रीत पाळतो. खोलीत अंधार करून पाच मिनिटे मोजावे, मग दिवे लावून पाच मिनिटे, आणि शेवटी विजेरीचा झोत आवरणाच्या प्रत्येक कडेवरून सावकाश फिरवत गणकाकडे लक्ष ठेवावे. मोजणी जेथे उसळेल तेथे टेपचा आणखी एक थर द्यावा. कोपरे आणि नळीची मान ही नेहमीची गुन्हेगार ठिकाणे आहेत.

उंबरठा, दाब आणि वेळेची खिडकी

नळीचा स्पंद आधी ऑसिलोस्कोपवर पाहावा. केबलच्या टोकाला ५० ओहमचा रोध जोडलेला नसेल तर स्पंद परावर्तित होऊन एका म्यूऑनचे दोन-तीन स्पंद दिसतात. ही चूक इतकी साधी आहे की ती शेवटी तपासली जाते. स्पंद स्वच्छ दिसू लागला की तो डिस्क्रिमिनेटरमध्ये न्यावा. ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा मोठा स्पंद आला की हे मंडल ठरलेल्या रुंदीचा एकसारखा स्पंद बाहेर देते. दोन्ही फळ्यांचे असे स्पंद सहघटना-मंडलात सोडावेत. केबलमध्ये संदेशाला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणून दोन्ही केबल सारख्याच लांबीच्या घ्याव्यात.

आता नळीचा विद्युत दाब ठरवायचा. एका फळीवरचा दाब स्थिर ठेवून दुसरीचा दाब २५ ते ५० व्होल्टच्या पायऱ्यांनी वाढवत न्यावा आणि प्रत्येक पायरीवर एकट्या फळीची मोजणी व सहघटनांची मोजणी अशा दोन्ही नोंदवाव्यात. एकट्या फळीची मोजणी दाबाबरोबर चढतच राहते. सहघटनांची मोजणी मात्र काही काळ चढून नंतर जवळजवळ सपाट होते, कारण तोवर आरपार जाणारे बहुतेक सगळे म्यूऑन उंबरठा ओलांडू लागलेले असतात. त्या सपाट भागाच्या सुरुवातीपासून थोडे आत दाब ठेवावा. नळीच्या निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा कोणत्याही स्थितीत ओलांडू नये.

दाब आणखी वाढवला तर काय बिघडते, असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आकड्यांत पाहावे. दोन्ही फळ्यांचे स्पंद १०० नॅनोसेकंद रुंद असतील, तर निव्वळ योगायोगाने होणाऱ्या सहघटनांचा दर हा त्या रुंदीची दुप्पट गुणिले दोन्ही फळ्यांचे स्वतंत्र दर इतका असतो. प्रत्येक फळी सेकंदाला २०० स्पंद देत असेल तर हा दर सेकंदाला ०.००८, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे एक. फळ्या एकमेकींपासून ६० सेंटिमीटर अंतरावर असताना दोहोंतून जाणारे खरे म्यूऑन मिनिटाला विसाच्या आसपास मिळतात, तेव्हा योगायोगाचा वाटा दोन-अडीच टक्के राहतो. दाब वाढवून किंवा उंबरठा खाली आणून प्रत्येक फळीचा दर सेकंदाला २,००० केला, तर योगायोगाच्या सहघटना शंभरपट होऊन मिनिटाला ४८ होतात आणि खऱ्या म्यूऑनांच्या दुपटीहून अधिक भरतात. गणक मात्र दोन्ही प्रसंगी तितक्याच निर्विकारपणे आकडे दाखवत राहतो.

हा वाटा सूत्राने काढून थांबू नये, तो मोजावा. त्यासाठी एका फळीचा स्पंद ५०० नॅनोसेकंद उशिरा पोहोचेल अशी व्यवस्था करावी. इतक्या विलंबानंतर एकाच म्यूऑनचे दोन स्पंद एकत्र येऊच शकत नाहीत, म्हणून जी मोजणी उरते ती निव्वळ योगायोगाची. एवढा उशीर केबलने आणायचा तर १०० मीटर केबल लागेल, म्हणून विलंब देणारे मंडलच वापरावे. विलंब टप्प्याटप्प्याने बदलून मोजणीचा आलेख काढला तर दोन फळ्यांच्या वेळा जुळल्या आहेत की नाहीत हेही कळते. वेळेची चूक क्षुल्लक समजू नये: २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने धावतात असे दाखवणारा ऑपेरा प्रयोगाचा निष्कर्ष सुमारे ६० नॅनोसेकंदांच्या फरकावर उभा होता आणि त्याचे प्रमुख कारण प्रकाशतंतूच्या केबलची नीट न बसलेली जोडणी हे निघाले.

किती म्यूऑन निसटले?

फळीची कार्यक्षमता काढण्यासाठी तिसरी फळी लागते. जी तपासायची ती मधे ठेवावी आणि वरची व खालची फळी तिच्यापेक्षा लहान असावी किंवा पुरेशी आत सरकवलेली असावी, म्हणजे त्या दोहोंतून गेलेला म्यूऑन मधल्या फळीतून गेलाच असला पाहिजे. वरच्या-खालच्या जोडीने ५,२०० सहघटना नोंदवल्या आणि त्यांपैकी ४,९९२ वेळा मधल्या फळीनेही स्पंद दिला, तर तिची कार्यक्षमता ९६ टक्के आणि तिच्यातील अनिश्चितता सुमारे ०.३ टक्का. फळीच्या मध्यावर आणि नळीपासून दूरच्या कोपऱ्यावर हा आकडा वेगवेगळा येतो. कोपऱ्यावर तो फारच घसरला तर प्रकाशीय जोड पुन्हा तपासावा. महाकाय टक्करयंत्रांवरील शोधकही असेच म्यूऑन वापरून पारखले जातात. सर्न येथील टक्करयंत्रावरील सीएमएस शोधकाने २००८ मध्ये, टकरी सुरू होण्याआधी, चुंबकीय क्षेत्र चालू ठेवून विश्वकिरणांच्या सुमारे २७ कोटी घटना नोंदवल्या आणि त्यांच्या आधारे आपल्या थरांच्या जागा जुळवून घेतल्या.

कोनानुसार मोजणी

दोन फळ्यांची चौकट तिरपी करता येत असेल तर म्यूऑनांची तीव्रता खस्वस्तिकापासूनच्या (थेट डोक्यावरच्या दिशेपासूनच्या) कोनाच्या कोज्येच्या वर्गानुसार कमी होते, हे पडताळता येते. मोजणी संख्येतील अनिश्चितता तिच्या वर्गमुळाइतकी असते. एक टक्का अचूकता हवी तर १०,००० म्यूऑन हवेत. सरळ उभ्या दिशेला मिनिटाला २० या दराने त्याला ८ तास २० मिनिटे लागतात, पण ६० अंशांवर दर चौथाईवर येतो आणि तेवढ्याच मोजणीला ३३ तासांहून अधिक वेळ लागतो. सर्व कोनांना सारखा वेळ देण्याची सवय म्हणूनच चुकीची.

इतके तास मोजत राहिल्यावर हवेचा दाब मधे येतो. दाब वाढला म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वस्तुमान वाढले, त्यामुळे म्यूऑनांची संख्या घटते. हेक्टोपास्कलमागे ही घट एक-दोन दशांश टक्के असते, म्हणजे १० हेक्टोपास्कलला एक ते दोन टक्के. सोमवारी सगळी उभी मोजणी आणि बुधवारी सगळी तिरपी असे केले तर हवामानातला बदल कोनाच्या माथी मारला जातो. दर तासा-दोन तासांनी कोन आलटून पालटून बदलावेत, प्रत्येक नोंदीसोबत दाब आणि खोलीचे तापमान लिहावे, आणि कोणती नोंद टाकून द्यायची याचा निकष आलेख पाहण्याआधी ठरवावा.

९० अंशांवर मोजणी शून्य येत नाही म्हणून घाबरून जाऊ नये. ६० सेंटिमीटर अंतरावरच्या २० सेंटिमीटरच्या फळ्या दोन्ही बाजूंना सुमारे १८ अंशांपर्यंत पाहतात, शिवाय आडव्या चौकटीत म्यूऑन दोन्ही टोकांकडून येऊ शकतात. अपेक्षित मूल्य काढताना ही भूमिती हिशेबात धरावी आणि योगायोगाचा वाटा आधी वजा करावा, कारण या कोनावर तो सर्वांत जास्त छळतो.

पुढची पायरी: म्यूऑनचे आयुष्य

जाड प्रस्फुरक ठोकळा हाताशी असेल तर त्यात थांबलेल्या म्यूऑनचा पहिला स्पंद आणि त्याच्या क्षयातून निघालेल्या इलेक्ट्रॉनचा दुसरा स्पंद यांतील अंतर मोजावे. बहुतेक म्यूऑन ठोकळा भेदून निघून जातात, थांबणारे थोडेच, म्हणून ही मोजणी दिवसेंदिवस चालू ठेवावी लागते. सुमारे २० मायक्रोसेकंदांपर्यंतची अंतरे नोंदवावीत. शेवटच्या काही मायक्रोसेकंदांतली सपाट मोजणी ही योगायोगाची पार्श्वभूमी असते आणि ती न वगळता घातांकी वक्र बसवला तर आयुष्य खऱ्यापेक्षा मोठे येते.

ग्रंथांत म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद दिलेले असते आणि आपले उत्तर २.१ च्या आसपास आले की अनेक जण वक्र बसवताना तेवढाच फरक कसाबसा भरून काढतात. तसे करू नये. प्लास्टिकमध्ये थांबलेल्या ऋणभारित म्यूऑनांपैकी काही कार्बनच्या अणुकेंद्रात शोषले जातात आणि कार्बनमधील त्यांचे सरासरी आयुष्य २.०३ मायक्रोसेकंदच भरते. धनभारित म्यूऑनांचे २.२ कायम राहते. दोन्हींची सरमिसळ मोजणाऱ्या मांडणीने २.२ पेक्षा किंचित कमीच दाखवायला हवे.