प्रकरण वेळेवर आणि चित्रंही: ऑनलाइन कादंबरी चालवताना दोन्ही कसं जमवायचं

मी गिरगावातल्या एका चाळीची गोष्ट दर शुक्रवारी रात्री टाकते, चित्रंही मीच काढते. सुरुवातीला ठरवलेलं प्रत्येक प्रकरणाला तीन रंगीत चित्रं, आणि सहाव्या प्रकरणाला लाकडी जिन्याच्या चित्रात अशी अडकले की मजकूर तयार असून तीन शुक्रवार काहीच गेलं नाही. फार वाईट वाटलं, कारण लोक खरंच वाट बघत होते. तेव्हापासून तारीख प्रकरणाची, चित्र झालं तर त्याच्यासोबत, नाहीतर मागून.

हा पेच जुनाच आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी 1836 मध्ये लंडनला महिन्याच्या महिन्याला निघायला लागली तेव्हा अंकाला 4 चित्रं ठरली होती, पण चित्रकार रॉबर्ट सेमूर सुरुवातीलाच वारला आणि तिसऱ्या अंकापासून चित्रं 2 वर आणून मजकूर 32 पानांचा केला. तेच गणित मग शेवटपर्यंत चाललं.

तर पहिलं काम, स्वतःचा वेग मोजा. महिनाभर काहीही न टाकता नुसतं लिहा, काढा आणि तास मांडून ठेवा, स्केच वेगळं, रंग वेगळा. माझं प्रकरण पाच तासांत होतं, रंगीत चित्राला सात लागतात, काळ्या-पांढऱ्याला दोन. आणि मुंबईत एक गोष्ट फार महत्त्वाची, लिहिणं लोकलमध्ये होतं, डोंबिवलीहून सीएसएमटीला येताना बसायला मिळालं तर फोनवर अर्धा सीन होऊन जातो, पण चित्र गाडीत होत नाही, त्याला रविवारच लागतो. म्हणजे चित्रं किती हे तुमचे मोकळे रविवार ठरवणार, हौस नाही.

मग साठा करा. निदान सहा प्रकरणं हातात असल्याशिवाय पहिलं टाकू नका. साठा दोनवर आला की ब्रश खाली ठेवायचा आणि फक्त लिहायचं. गणपती, दिवाळी आधीच कॅलेंडरवर खोडून ठेवा, त्या आठवड्यांत काही होत नाही.

आता चित्रं कुठली, इथे जरा थांबा. सगळी सारखी मोठी नकोत. दर प्रकरणाला एक छोटं शाईचं, म्हणजे चहाचा कप, किल्ली, वाळत घातलेली साडी असं काहीतरी, आणि चार-पाच प्रकरणांतून एकदा मोठं रंगीत. मोठ्यासाठी प्रसंग निवडताना मजकुरात जे सांगून झालंय तेच परत काढू नका, गॅलरीत भांडण चाललंय तर खालून वर बघणारी शाळेतली पोर काढा, तिच्या तोंडावर सगळं दिसतं. चित्र त्या परिच्छेदाच्या खाली टाका, वर टाकलं तर नजर आधी तिथे जाते आणि गुपित फुटतं. आणि उभं काढा, फोनवर आडवं चित्र बोटाएवढं दिसतं.

वेळ वाचवायचा खरा मार्ग म्हणजे तयार सामान. प्रत्येक पात्राचा एक कागद करा, समोरून, बाजूने, भांग कुठे, घड्याळ कुठल्या हाताला. गॅलरी, जिना, नळ असलेला चौक हे एकदा नीट काढून लेयरसकट, म्हणजे चित्राचे थर वेगवेगळे ठेवून, सेव्ह करा. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. तोच जिना मी आता उजेड बदलून सारखा वापरते.

चित्रं दुसऱ्याकडून काढून घेणार असाल तर फायनल मजकूर तीन आठवडे आधी द्या, पैसे आणि चित्राचे हक्क लिहून ठरवा, ओळखीतला असला तरी.

आणि एवढं करूनही चित्र राहिलं तर प्रकरण ठरल्या वेळेला जाऊ द्या, खाली लिहा की चित्र रविवारी येतंय. आलं की त्याच प्रकरणात घाला आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक ओळ टाका, मागच्यात चित्र आलंय म्हणून. लोक परत जाऊन बघतात.