जपानला निघण्याआधी कॅमेरा काळाराम-मुक्तिधामला नेऊन आणा

जपानमधल्या मंदिरांचे फोटो फसतात ते बहुतेक वेळा उजेड मोजण्यात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्यामुळे पांढरी भिंत मळकी येते आणि काळी भिंत राखाडी. ही खोड नाशिकमध्येच ओळखून ठेवली, तर तिकडे हजारो रुपयांचा वेळ मेनूत बोटं घालण्यात जात नाही.

सकाळी पंचवटीत काळाराम मंदिराचा बाहेरून ऑटोवर एक फोटो काढा. रामशेजचा तो काळा पाषाण धुरकट दिसेल. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) −१ वर न्या, दगड पुन्हा काळा होतो. मग नाशिकरोडला मुक्तिधाम. तिथे उलटा प्रकार: संगमरवर राखाडी पडतो, +०.७ ते +१ द्यावं लागतं. हिमेजीच्या किल्ल्याला हाच मुक्तिधामचा हिशेब लागू, कारण त्याच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याचा गिलावा आहे. फक्त मागे ढगाळ, चकचकीत आकाश असेल तर आकडा आंधळेपणाने वाढवू नका. हायलाइट वॉर्निंग (फोटोचा जास्त उजळ झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी खूण) चालू ठेवा आणि भिंत लुकलुकायला लागली की थोडं मागे या.

खरी परीक्षा क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानात. तिथल्या शेंदरी तोरींचा, म्हणजे लाकडी कमानींचा, फोटो स्क्रीनवर छान वाटतो, साधा हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम उघडला की लाल रेघ उजव्या कडेला आपटलेली असते. लाल चॅनल असा फुटला की रंगाचे पोपडे, लाकडाच्या भेगा सगळं सपाट होतं आणि नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाही. −०.७ द्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. तो शेंदरी रंग निवळवायला जातो. डेलाइट किंवा क्लाउडी पुरे. झाडीत उजेड कमी असतो, म्हणून एफ/४, १/१२५ आणि आयएसओ ८०० ते १६००. वाइड लेन्सने तोरी विरळ दिसतात; ७० ते १०० एमएम लावून वळणावर उभं राहा, म्हणजे पलीकडचं टोक दिसत नाही आणि खांब एकमेकांना चिकटलेले वाटतात. डोंगर चढताना खांब कोरे दिसतात, मागे वळलात की देणगीदारांची नावं आणि तारखा दिसतात. दोन्ही बाजूंनी काढा. हे देवस्थान चोवीस तास खुलं आणि विनामूल्य आहे. सकाळी सहाला पोहोचलात तर खालचे तोरीही मोकळे मिळतात.

किन्काकु-जीला, म्हणजे क्योतोच्या सोनेरी मंदिराला, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा. तळ्यातलं सोनेरी प्रतिबिंब तोच पुसतो. बहुतेक मंदिरांत ट्रायपॉड चालत नाही आणि आतल्या मूर्तींचे फोटोही अनेक ठिकाणी मना आहेत. पाटी वाचा, हुज्जत नको.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत असते. टोकियोत वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झ, क्योतो-ओसाकात मात्र ६०. नाशिकला दिव्यांखाली १/१०० वर स्वच्छ येणारा फोटो ओसाकाच्या बाजारात आडव्या पट्ट्यांचा येऊ शकतो, विशेषतः सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर. टोकियोत १/५० किंवा १/१००, पश्चिमेकडे १/६० किंवा १/१२५, आणि शटर मेकॅनिकल. फोनवाल्यांनी प्रो मोडमध्ये हेच आकडे घालावेत. तरीही एलईडी पाट्या कधीकधी दगा देतात. दोन-तीन फोटो जादा काढावेत.

टोकियोतल्या शिबुयाच्या गजबजलेल्या चौकात माणसं पुसट आणि इमारती ठाम हव्या असतील तर १/४ ते १/२ सेकंद. कॅमेरा कठड्याला टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. याचा सराव संध्याकाळी नाशिकच्या सीबीएसच्या सिग्नलवर फुकटात होतो. काचेमागून काढताना लेन्स रबरी हूडसह काचेला चिकटवा, नाहीतर खोलीतले दिवे फोटोत येतात.

वेळेचंही गणित बघा. जूनमध्ये टोकियोत साडेचारच्या आत उजाडतं, त्यामुळे आपल्या सवयीने सहाला निघालात तर कोवळं ऊन हातचं गेलेलं असतं. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाचा समुद्रातला तोरी भरतीवर अवलंबून: पाणी साधारण २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर तो तरंगल्यासारखा दिसतो, १०० च्या खाली गेलं की पायथ्याशी चालत जाता येतं. भरतीचं वेळापत्रक पाहूनच फेरीचा दिवस ठरवा.

कॅमेऱ्याचं घड्याळ साडेतीन तास पुढे करा. चार्जरला दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. तिथे वीज १०० व्होल्ट, म्हणून चार्जरवर १००–२४० लिहिलंय का ते बघा. ड्रोन मात्र घरीच ठेवा: जपानात १०० ग्रॅमपासून नोंदणी सक्तीची आहे, आणि तुमचा २४९ ग्रॅमचा मिनी ड्रोनही त्यात सुटत नाही.