सणासाठी घर सजवताना : पताकांची माळ, टेबल रनर आणि उशीचे अभ्रे

सणाच्या सजावटीसाठी कापड निवडण्यामागे एक साधे कारण असते. कागदाची माळ त्या सणापुरती टिकते, कापडाची माळ मात्र धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. अर्थात ती धुतली जाणार आहे हे धरूनच शिवली असेल तरच हे शक्य होते. घाईने शिवलेल्या पताका पहिल्या धुण्यातच आटतात, त्यांचे धागे सुटतात आणि गडद रंग पांढऱ्या कापडावर उतरतो. म्हणून येथे दिलेल्या तिन्ही वस्तूंमध्ये टीप घालण्याइतकेच महत्त्व कापडाच्या तयारीला आणि इस्त्रीला दिले आहे. शिवणयंत्रावर सरळ टीप घालता येत असेल, तर यातले काहीही अवघड नाही.

कापडाची तयारी

सजावटीसाठी मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे सुती कापड सर्वांत सोयीचे. ते कापताना सरकत नाही, घडी घातली की घडी धरून ठेवते आणि कडक इस्त्री सहन करते. साटीन किंवा जॉर्जेट दिसायला सुंदर असले तरी हातातून निसटते आणि त्याचे धागेही फार सुटतात. शिवणकामाचा सराव कमी असेल, तर अशी कापडे पुढे कधीतरी वापरण्यासाठी राखून ठेवावीत.

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. म्हणजे दीड मीटर लांबीचा रनर साडेसात सेंटिमीटरपर्यंत लहान होऊ शकतो. एकाच वस्तूत दोन वेगळी कापडे असतील, तर ती कमी-अधिक आटतात आणि शिवणीवर कायमच्या चुण्या पडतात. म्हणून सगळे कापड कापण्यापूर्वीच धुवावे, आणि पुढे ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने धुवावे. लाल, निळ्या आणि गडद हिरव्या कापडाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड वेगळे धुवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. तरीही रंग जातच राहिला, तर ते पांढऱ्या कापडाला जोडून शिवू नये. कापड किंचित दमट असतानाच इस्त्री केली, तर सुरकुत्या सहज जातात. इस्त्रीवरचे ठिपके पाहण्याची सवय लावून घ्यावी : एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. सुती कापडाला तीन ठिपके चालतात. पॉलिस्टर मिसळलेले असेल, तर दोनच्या वर जाऊ नये.

इस्त्रीनंतर धाग्याची दिशा पाहावी. किनारीला समांतर जाणारा उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक ताणला जातो, आणि तिरके, म्हणजे उरेब, कापड सर्वांत जास्त ताणले जाते. पताका वाकड्या लटकतात किंवा रनरची कड लाटेसारखी दिसते, ती बहुतेक वेळा ही दिशा चुकल्यामुळे. किनार स्वतः घट्ट विणलेली असते आणि वेगळ्या प्रमाणात आटते, म्हणून ती कापून टाकावी.

मध्यम सुती कापडाला ७५/११ किंवा ८०/१२ क्रमांकाची सुई पुरते. चार-सहा थर एकत्र येतात तेथे ९०/१४ क्रमांकाची लावावी. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर ठेवावी. नवे काम सुरू करताना नवी सुई लावणे ही चैन नाही. बोथट सुईमुळे टाके सुटतात आणि कापडाचे धागे ओढले जातात, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

पताकांची माळ

येथे दहा पताकांची माळ धरली आहे. तयार पताका वर २० सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच असेल. दोन पताकांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर आणि दोन्ही टोकांना बांधण्यासाठी ३० सेंटिमीटर पट्टी धरली, तर माळेची एकूण लांबी ३०५ सेंटिमीटर होते.

प्रथम जाड पुठ्ठ्यावर नमुना काढावा. २० सेंटिमीटरची आडवी रेघ आखून तिच्या मध्यापासून २४ सेंटिमीटर खाली टोकाचा बिंदू घ्यावा आणि तो दोन्ही कडांना जोडावा. मग दोन्ही तिरक्या बाजूंना, बाहेरच्या अंगाला, १ सेंटिमीटर अंतरावर समांतर रेघा आखाव्यात. ही शिवणीसाठी सोडलेली जागा. वरची कड पट्टीत जाणार असल्याने तेथे वेगळी जागा सोडायची नाही. बाहेरच्या रेघा खाली जेथे मिळतात, तो बिंदू मूळ टोकाच्या सुमारे २.६ सेंटिमीटर खाली येतो. टोक निमुळते असल्याने असे होते. नमुना चुकला असे समजून तो बिंदू वर ओढू नये. कापायचा त्रिकोण आता वर सुमारे २२.२ सेंटिमीटर रुंद आणि २६.६ सेंटिमीटर उंच झाला. पुठ्ठ्यावर वरच्या कडेच्या मध्यापासून टोकापर्यंत एक उभी रेघ काढून ठेवावी. कापडावर नमुना ठेवताना ही रेघ उभ्या धाग्याला समांतर हवी, म्हणजे पताका लटकल्यावर पिळवटत नाही.

प्रत्येक पताकेला पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे लागतात, म्हणून दहा पताकांना वीस तुकडे हवेत. २७ सेंटिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या आखून त्यांत नमुना एकदा सुलटा आणि एकदा उलटा असा आळीपाळीने ठेवला, तर ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या एका पट्टीतून आठ तुकडे निघतात. तीन पट्ट्या, म्हणजे ८१ सेंटिमीटर कापड, पुरेसे होते. कापडावर पक्षी, झाडे किंवा अक्षरे असतील, तर आळीपाळीची ही युक्ती उपयोगाची नाही, कारण निम्म्या पताकांवर ती उलटी येतील. अशा वेळी जास्त कापड घ्यावे, किंवा उलटे आलेले तुकडे मागच्या बाजूला वापरावेत. माळ भिंतीला लागून असेल, तर ते कोणाला दिसतही नाहीत. घरातल्या जुन्या चादरी, शर्ट आणि शिवणकामातून उरलेले तुकडे यांपासून केलेली माळ मला अधिक आवडते. मात्र झिजून विरलेला भाग वापरू नये. तो शिवणीशीच फाटतो.

दोन तुकडे सुलट्या बाजू आतल्या अंगाला येतील असे एकमेकांवर ठेवून टाचण्या लावाव्यात. वरच्या कडेपासून टोकाकडे टीप घालत यावे. तिरकी कड ताणली जाण्याचा संभव असतो, म्हणून कापड पुढे-मागे ओढू नये, यंत्रालाच ते पुढे नेऊ द्यावे. टोकाच्या २ सेंटिमीटर अलीकडे टाका दीड मिलिमीटर करावा. नेमक्या टोकावर सुई कापडात रुतलेली ठेवून दाबपट्टी उचलावी, कापड अर्धे वळवावे, एक टाका आडवा घालावा, पुन्हा वळवून दुसऱ्या बाजूने वर जावे. हा एक आडवा टाका फार महत्त्वाचा आहे. तो नसेल, तर आतल्या कापडाला टोकात मावायला जागा राहत नाही आणि सुलटवल्यावर टोक गाठीसारखे जाड दिसते. आता टिपेपासून ३ मिलिमीटर अंतर ठेवून टोकाचे कापड कापावे आणि टोकाजवळच्या दोन्ही बाजूही थोड्या निमुळत्या छाटाव्यात.

सुलटवण्यापूर्वी शिवणीवर एकदा इस्त्री फिरवावी. टाके कापडात बसतात आणि कड सुलटवल्यावर सरळ येते. टोक बाहेर काढण्यासाठी कात्रीचे टोक कधीही वापरू नये, ते शिवणीतून आरपार जाते. विणकामाची जाड सुई किंवा टोक न केलेली पेन्सिल चांगली. शिवण बोटांनी चोळून अगदी कडेवर आणावी आणि मगच इस्त्री दाबावी. दहाही पताका तयार झाल्या की एकावर एक ठेवून वरच्या कडा सारख्या कापून घ्याव्यात.

वरच्या पट्टीसाठी ५ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या आडव्या पन्ह्यातून कापाव्यात. अनेक जण येथे उरेब पट्टी वापरतात. गळ्याला किंवा गोल कडेला उरेब पट्टी हवीच, परंतु माळेची पट्टी सरळ असते आणि तिच्यावर सगळ्या पताकांचे वजन पडते. उरेब पट्टी या वजनाने ताणत जाते आणि माळ मध्ये झोळ खाते. म्हणून सरळ पट्टीच घ्यावी. पट्ट्या एकमेकींना जोडताना मात्र जोड ४५ अंशांत तिरका घ्यावा, म्हणजे जाडी एकाच ठिकाणी साचत नाही. जोडलेली पट्टी लांबीत अर्धी दुमडून इस्त्री करावी, पुन्हा उलगडावी, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून इस्त्री करावी आणि पुन्हा मधोमध दुमडावी. सव्वा सेंटिमीटर रुंदीची, चार थरांची पट्टी तयार होते. तिची दोन्ही टोकेही आत दुमडून घ्यावीत.

पट्टीच्या मध्यावर खडूने खूण करून पताका मध्यापासून दोन्हीकडे मांडत जाव्यात. एका टोकापासून सुरुवात केली, तर शेवटी उरलेली चूक एकाच बाजूला साचते. दहा ही सम संख्या असल्याने मध्यावर पताका नव्हे, तर मोकळी जागा येईल. प्रत्येक पताकेची वरची कड पट्टीच्या आतल्या घडीला टेकेपर्यंत सरकवावी आणि कच्चा टाका घालावा. टाचण्यांवर भागते, पण येथे इतके थर असतात की टाचणीने पताका हमखास तिरकी होते, म्हणून धावदोऱ्याची ही दहा-पंधरा मिनिटे वाचवू नयेत. मग सुई बदलून पट्टीच्या उघड्या कडेपासून २ मिलिमीटर आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग टीप घालावी. मागच्या बाजूची कड सगळीकडे टिपेत आली आहे ना, हे पाहून कच्चा दोरा उसवावा.

टेबल रनरचे कोपरे

रनर म्हणजे चारही बाजू दुमडलेला एक आयत. त्याचे सारे सौंदर्य कोपऱ्यांत असते. रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश आणि लांबी टेबलाच्या दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर खाली उतरेल इतकी ठेवावी. तयार मापात प्रत्येक बाजूला ४ सेंटिमीटर मिळवून कापड कापावे.

चारही बाजूंना आधी १ सेंटिमीटर दुमड उलट्या बाजूला घालून इस्त्री करावी आणि ती तशीच राहू द्यावी. त्यानंतर ३ सेंटिमीटरची दुसरी दुमड घालून तिचीही इस्त्री करावी, आणि ही दुसरी दुमड तेवढी उलगडावी. प्रत्येक कोपऱ्याजवळ दोन घड्यांच्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतील. तो छेदबिंदू म्हणजे रनरचा तयार कोपरा. आता कोपरा तिरका असा दुमडावा की सुलट्या बाजू आतल्या अंगाला येतील, शेजारच्या दोन्ही कडा एकमेकींवर बसतील आणि नवी तिरकी घडी नेमकी त्या छेदबिंदूतून जाईल. छेदबिंदूपासून या तिरक्या घडीला काटकोनात, कडेपर्यंत रेघ आखावी. तिची लांबी सुमारे सव्वाचार सेंटिमीटर भरली, तर आखणी बरोबर आहे. रेघेवर टीप घालून दोन्ही टोकांना उलटी टीप मारावी, कोपरा एकदा सुलटवून पाहावा, आणि तो चपटा व काटकोनी बसत असेल, तरच ६ मिलिमीटर सोडून बाकीचे कापड कापावे. आधी कापून मग तपासले, तर चूक सुधारायला कापड उरत नाही. शिवण फाकवून इस्त्री करावी आणि चारही कोपरे झाल्यावर दुमडीच्या आतल्या कडेवरून चारही बाजूंनी टीप घालावी. हाताने हेमिंग केले, तर सुलट्या बाजूला टाके दिसत नाहीत. वेळ असेल तर मी तेच सुचवेन.

उशीचे अभ्रे

चेन किंवा बटणांशिवायचा अभ्रा सणासाठी सर्वांत सोयीचा, कारण तो उशीवर चढवायला आणि काढायला क्षणाचे काम असते. ४० सेंटिमीटरच्या चौकोनी उशीसाठी पुढचा तुकडा ४२ गुणिले ४२ आणि मागचे दोन तुकडे प्रत्येकी ४२ गुणिले ३० सेंटिमीटरचे कापावेत. मागच्या प्रत्येक तुकड्याच्या एका ४२ सेंटिमीटरच्या कडेला आधी १ आणि मग २ सेंटिमीटर अशी दुहेरी दुमड घालून टीप मारावी. पुढचा तुकडा सुलट्या बाजूने वर ठेवून मागचे दोन्ही तुकडे पालथे असे ठेवावेत, की दुमडलेल्या कडा मध्यावर १२ सेंटिमीटर एकमेकींवर येतील. चारही बाजूंनी १ सेंटिमीटरवर टीप घालावी, कडांना झिगझॅग मारावे, कोपरे छाटावेत आणि अभ्रा सुलटवावा. मागचे तुकडे जेथे एकमेकांवर येतात, त्या दोन्ही बाजूंना टीप दुहेरी घालावी, कारण उशी घालताना तेथेच ओढ बसते. पुढच्या तुकड्यावर भरतकाम किंवा कापडी नक्षी लावायची असेल, तर ती जोडणीपूर्वी करावी.

लावताना आणि ठेवताना

कापडी सजावट मेणबत्ती, दिवा किंवा शेगडी यांच्या जवळ लावू नये. सुती कापड पटकन पेट घेते, आणि पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते. माळेसोबत रोषणाई हवी असेल, तर एलईडी दिवे घ्यावेत. ते जुन्या दिव्यांपेक्षा खूपच कमी तापतात. माळ लांब असेल, तर दोन टोकांवर सारा भार न देता मध्ये एखादा आधार द्यावा.

सण संपल्यावर सर्व वस्तू धुऊन पूर्ण वाळवाव्यात. डाग आज दिसत नसला, तरी कापडात राहून काही महिन्यांत पिवळा पडतो आणि मग निघत नाही. रनरची घडी न घालता तो नळकांड्यावर गुंडाळावा, म्हणजे मधोमध रेघ पडत नाही. पताका एकावर एक रचून मधली पट्टी सैल ठेवावी, वर सुती कापड गुंडाळावे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, कारण आत राहिलेल्या दमटपणाने बुरशी येते. उरलेल्या कापडाचा हातभर तुकडा त्यासोबतच ठेवावा. पुढे एखादी पताका फाटली, तर तेवढाच भाग उसवून त्याच कापडाची नवी पताका बसवता येते.