अभंग तुकोबांचा, मग क्लेम कुणाचा? गाणी करणाऱ्यांनी या चुका टाळा

आषाढी जवळ आली की यूट्यूबवर अभंगांची रीघ लागते आणि पाठोपाठ कॉपीराइट क्लेमचे मेल सुरू होतात. "तुकोबांच्या अभंगावर मालकी सांगणारे हे कोण?" हा संताप समजण्यासारखा आहे, पण क्लेम बहुतेक वेळा अभंगावर नसतोच. तो चालीवर असतो, नाहीतर ध्वनिमुद्रणावर. एका गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग असे तीन हक्क असतात. त्यांचे मालक वेगळे, मुदतीही वेगळ्या. हे न पाहता गाणं करायला घेणं ही मूळ चूक. पुढचे निम्मे घोळ तिच्यातूनच होतात.

अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले, म्हणजे सगळ्यांचे. पण चाल एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत संरक्षित आहेत. रेकॉर्डिंगची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. १९६४ साली बाजारात आलेली तबकडी २०२४ संपताच मुक्त झाली, पण तिच्यातली चाल आणि शब्दही मुक्त झाले असं नाही. म्हणून "जुनं गाणं आहे, चालतं" यावर विसंबू नका. फडावर पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी पारंपरिक चाल घेतलीत तर अडचण नाही. इंटरनेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक मात्र कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंगच असतं. त्यावर स्वतः गायलात तरी ट्रॅक तुमचा होत नाही.

"पाच वर्षं झाली की कव्हर (दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन रेकॉर्ड) करायला मोकळीक" असंही सर्रास ऐकू येतं. कायद्यात पाच वर्षांची अट आहे खरी, पण तिच्यासोबत आधी नोटीस देणं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरणंही आहे. अर्धाच नियम पाठ करून भागत नाही.

क्लेम आला की घाबरू नका, आणि भांडूही नका

क्लेम आणि स्ट्राइक यांत लोक फार गल्लत करतात. कंटेंट आयडीचा, म्हणजे आवाज आपोआप जुळवून पाहणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम आला म्हणजे यंत्राला जुळणारा आवाज सापडला. बहुधा व्हिडिओ जागेवर राहतो, जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जातात. स्ट्राइक ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. मालकाच्या मागणीवरून व्हिडिओ उतरवला की ती बसते : ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं.

चूक होते ती घाईत डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकताना. "मी क्रेडिट दिलंय", "मी पैसे कमवत नाही", "सगळेच वापरतात" ही कारणं लिहून लोक मोकळे होतात, आणि यातलं एकही कारण टिकत नाही. नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. समोरच्याने डिस्प्यूट फेटाळला, तुम्ही पुन्हा अपील केलंत आणि त्याने व्हिडिओ उतरवण्याची मागणी केली, की साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो. चूक आपली असेल तर यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढा भाग कापा, गाणं बदला किंवा आवाज बंद करा; क्लेम निघून जातो. पण चाल पारंपरिक आहे, वादन आणि गायन तुमचं आहे, असं असेल तर मात्र ठामपणे लढा. यंत्र चुकतं. विकतचे तेच तबला लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारे तयार तुकडे) दोघांनी वापरले, तरी ते जुळवून मोकळं होतं. अशा वेळी क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. लूपची पावती आणि परवाना जोडीला हाताशी असू द्या.

"एकरकमी घेतले, आता माझा काय संबंध?"

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तोटा नेहमी गीतकार आणि संगीतकाराचाच होतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडूनच देता येत नाही. करारात "सर्व हक्क कायमचे सोडले" असं लिहून सही घेतली, तरी रॉयल्टीपुरतं ते कलम रद्दबातल असतं. पण पैसे आपोआप घरी येत नाहीत. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. ती नोंद न करणारे कितीतरी चांगले गीतकार आहेत.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "ओके सर" करार म्हणून धरू नका. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कलम गीतकाराच्या बाजूचं आहे, म्हणून निर्मात्याचा माणूस रिकाम्या जागा भरायला लावतो तेव्हा कागद घरी नेऊन वाचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत, माइकसमोर उभं राहून सही करू नका.

आवाजाचंही तसंच. गाणं आपलं, ट्रॅक आपला, पण एआयने आवाज आशाताईंचा काढला, यात गैर काहीच नाही असं समजू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने आदेश दिले. संमतीशिवाय आवाजाची नक्कल करणारी एआय साधनं उपलब्ध करून देणं हा व्यक्तिमत्त्व हक्काचा (स्वतःचं नाव, आवाज, चेहरा यांवरच्या हक्काचा) भंग असल्याचं न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. मीम म्हणून टाकलं तरी धोका टळत नाही.

लग्नातल्या गाण्यांना कायद्यात सूट आहे. वरातीचाही उल्लेख त्यात आहे. पण लग्नात गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नका असं सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. त्यामुळे हॉलवाल्याशी वाद घालताना परिपत्रक दाखवू नका, कायद्याचं कलम दाखवा. लग्नाचा व्हिडिओ गाण्यासकट अपलोड करणं त्या सुटीत मोडत नाही.

शेवटी नावाचं. ढोल-ताशा पथक असो की चॅनल, संस्था नोंदली म्हणजे नाव सुरक्षित झालं असं नसतं. ट्रेडमार्कसाठी वेगळा अर्ज लागतो. मनोरंजनासाठी वर्ग ४१, आणि व्यक्तीला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये. आधी सरकारी संकेतस्थळावर तसं नाव आहे का ते शोधा. अर्ज केल्यावर तपासणी अहवाल येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि अर्ज एजंटामार्फत केला असेल तर तो मेल एजंटाच्या पत्त्यावर जातो. म्हणून अर्जाचा क्रमांक स्वतःकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा स्थिती स्वतः पाहा.