रजिस्टर्ड नर्स व्हायचंय? प्रवेशाआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी 'नर्सिंग प्रवेश सुरू, नोकरीची हमी' असे फलक लागतात. हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये (राज्यातल्या नर्सची अधिकृत नोंदणी करणाऱ्या संस्थेत) नाव नोंदवलं जाईल का, आणि कोणत्या नोंदवहीत, हे मात्र त्यावर सहसा लिहिलेलं नसतं. पालकांनो, फी विचारण्याआधी हे विचारा. हा प्रश्न विचारायचा राहिल्यामुळे किती हुशार मुलींची उमेदीची वर्षं वाया जातात, हे बघून जीव तुटतो.

सर्टिफिकेट मिळतं, नोंदणी मिळत नाही

सहा महिन्यांचे किंवा वर्षभराचे 'होम नर्सिंग', 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' असे कोर्स असतात. ते करून रुग्ण सहायकाचं काम मिळू शकतं आणि ते कष्टाचं, मानाचं काम आहे. पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. बारावीनंतर नोंदणीकडे नेणारे रस्ते तीनच आहेत: दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) आणि चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. घरबसल्या पत्राद्वारे किंवा ऑनलाइन यातलं काहीही होत नाही. तसं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

'आधी एएनएम करू, पुढचं पुढे बघू'

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एएनएम केलेल्या मुलीची नोंदणी सहायक परिचारिका प्रसाविका म्हणून होते. रजिस्टर्ड नर्स म्हणून नव्हे. पुढे जीएनएमला प्रवेश मिळतो, पण आधीची दोन वर्षं वजा होत नाहीत, तीन वर्षं पूर्ण करावी लागतात. त्यानंतर पदवी हवी तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची, म्हणजे जीएनएमनंतरच्या पदवी कोर्सची, आणखी दोन. म्हणजे दोन, तीन आणि दोन अशी एकूण सात वर्षं. तीच पदवी बारावीनंतर थेट घेतली तर चार वर्षांत हातात येते. जीएनएम आणि पोस्ट बेसिक मिळूनही पाच वर्षं होतात.

एएनएम वाईट आहे असं मी म्हणत नाही. उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपणं हेच काम मनापासून करायचं असेल तर तो योग्य कोर्स आहे (आणि तो फक्त मुलींसाठी आहे, जीएनएम आणि बी.एस्सी. मुलांनाही खुले आहेत). पण मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत काम करायचं स्वप्न असेल, तर केवळ कमी वर्षांचा म्हणून तो घेऊ नका.

कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांसाठी जीएनएम हाच सरळ रस्ता आहे. बारावीला किमान 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. पुढे नोकरीत फरक पडतो, तोही आत्ताच समजून घ्या. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बी.एस्सी. झालेली उमेदवार नोंदणीनंतर लगेच बसू शकते. जीएनएम झालेलीला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

अकरावीतच दार बंद होतं

बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के. अकरावीत जीवशास्त्र सोडलं की हा पर्याय तिथेच संपतो. प्रवेश परीक्षेचे अर्जही निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरून घेतात. त्यामुळे राज्य सीईटी कक्षाच्या सूचना बारावीच्या दिवाळीनंतर नियमित बघत चला. पुण्याच्या एएफएमसीसह (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांसाठी नीट द्यावी लागते, हे अनेक मुलींना उशिरा कळतं.

इमारत पाहिली, रुग्णालय पाहिलंच नाही

कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का, हे त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कार्यालयात टांगलेल्या चौकटीवर विसंबू नका. मान्यता चालू वर्षाची आहे का, तेही बघा.

मग वॉर्ड बघायला जा. नर्सिंग हे खाटेजवळ उभं राहून शिकायचं शास्त्र आहे. सलाइन लावणं, औषधाचा डोस काढणं, रुग्णाचा श्वास बदलला हे मॉनिटर वाजण्याआधी ओळखणं, यातलं काहीच वर्गात बसून येत नाही. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असं परिषदेचं प्रमाण आहे. कॉलेजचं रुग्णालय दुपारी अकरा-बाराला रिकामं दिसलं, तर तुमच्या मुलीला शिकायला रुग्ण कुठून मिळणार? तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना गाठून विचारा: प्रसूती कक्षात प्रत्यक्ष किती काम करायला मिळतं, की नुसत्या वह्याच भरून घेतात? माझं स्पष्ट मत आहे, जे.जे., केईएम, ससून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतली जागा मिळत असेल, तर ती चकचकीत पण रिकाम्या रुग्णालयाच्या कॉलेजपेक्षा कितीतरी मोलाची आहे. फीही तिथे खूप कमी.

फीबद्दल एवढंच: शासनाच्या शुल्क सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी असतात. घाई करून व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की त्या हातच्या जातात. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास ही प्रमाणपत्रं निकालाआधीच काढून ठेवा.

परदेशाचा विचार शेवटी करणं

जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा साधारण बी-2 पातळीपर्यंत (म्हणजे कामकाजात सहज बोलता-लिहिता येईल इतकी) यावी लागते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा आहे, ब्रिटनसाठी इंग्रजीची चाचणी. भाषेचा अभ्यास तिसऱ्या वर्षापासून सुरू केला तर झेपतो. आणखी एक बाब क्षुल्लक वाटते, पण तिकडची कौन्सिलं कागद पडताळताना तिथेच अडतात. दहावीची गुणपत्रिका, विद्यापीठाची कागदपत्रं, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने असेल, तर ते पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्रातली नोंद आणि कौन्सिलमधली दुरुस्ती दोन्ही करा.