जुन्या टूलकिटवरचं ॲप मोडीत न काढता कसं सावरावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसोसायटीचं पिग्मी (रोजची छोटी बचत गोळा करण्याचं) ॲप माझ्याकडे आलं, तेव्हा त्याच्या कोडला सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बनवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला. ॲप चालत होतं, एजंट पावत्या फाडत होते, मग कोण कशाला बघतंय? एका एजंटाने नवा फोन घेतला आणि त्याचा फोन आला, "सर, ॲप बसतच नाही की हो."

कारण साधं होतं. परवानग्या विचारण्याची कटकट नको म्हणून त्या मुलाने टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या पातळीसाठी बनलंय ते सांगणारा आकडा) २२ वरच ठेवला होता आणि ॲप व्हॉट्सॲपवरून वाटलं होतं. अँड्रॉइड १४ पासून टार्गेट २३ च्या खाली असलेलं ॲप फोन इन्स्टॉलच करू देत नाही. अशा ॲपचं काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. कोड उघडण्याआधी चावी शोधा

म्हणजे की-स्टोअर फाईल आणि तिचा पासवर्ड. ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. तीच सही नसेल तर नवी आवृत्ती जुन्यावर बसत नाही. जुनं काढून टाकावं लागतं आणि फोनमध्ये अडकलेल्या, सर्व्हरला न गेलेल्या नोंदी त्याच्यासोबत जातात. पिग्मीत हे म्हणजे लोकांचे पैसे. ॲप प्ले स्टोअरवर असेल आणि सहीची चावी गूगलकडे ठेवलेली असेल, तर अपलोडची चावी बदलून मिळते. व्हॉट्सॲपवरच्या ॲपला ती सोय नाही. आमची फाईल त्या मुलाच्या टिळकवाडीतल्या घरी, माळ्यावरच्या लॅपटॉपमध्ये सापडली. पासवर्ड? सोसायटीचं नाव आणि पुढे १२३.

२. टूलकिट मेलंय की नुसतं म्हातारं झालंय, ते बघा

टूलकिट म्हणजे ॲप ज्यात बनवलं ते साधन. कोडच्या फोल्डरमध्ये 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल' दिसली तर बहुधा कॉर्डोव्हा, 'पबस्पेक' असेल तर फ्लटर, 'सीएसप्रोज' असेल तर झामरिन. झामरिनचा आधार मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला काढून घेतला. तिथे मायक्रोसॉफ्टच्याच नव्या डॉट नेट साधनांवर, बहुधा माउईवर, जाण्यावाचून गत्यंतर नाही. कॉर्डोव्हावरची ॲप बांधून देणारी सेवा फोनगॅप बिल्ड २०२० मध्येच बंद झालं, पण त्याच्या मुळाशी असलेलं कॉर्डोव्हा अजून चालू आहे. जावात लिहिलेलं नेटिव्ह (थेट अँड्रॉइडसाठीच लिहिलेलं) ॲप तर नुसतं जुनं असतं. कोटलिन ही नवी भाषा आली म्हणून जावा फेकून द्यायची गरज नाही. 'सगळं नव्याने लिहू' म्हणणाऱ्याला आधी विचारा, व्याजाचा हिशोब जुन्या कोडमध्ये कुठे आहे ते तुला ठाऊक आहे का?

३. काही न बदलता एकदा बिल्ड करून पाहा

कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाका आणि जसा आहे तसा बिल्ड करा, म्हणजे त्यातून ॲप तयार करा. बहुतेक वेळा लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) सापडत नाही म्हणून लाल ओळी येतात, कारण जुने प्रोजेक्ट जेसेंटर या लायब्ररींच्या कोठारावर विसंबलेले असतात आणि ते कोठार बंद करत असल्याचं २०२१ मध्येच जाहीर झालं. त्याऐवजी मावेन सेंट्रल या दुसऱ्या कोठाराचा पत्ता घाला. तिथेही नसलेली लायब्ररी बदला.

४. एकेक पायरी चढा

२२ वरून थेट ३५ वर उडी मारू नका. आधी कंपाइल एसडीके (कोड ज्या अँड्रॉइड पातळीवर बांधला जातो तो आकडा) निदान २८ करा, मग अँड्रॉइड स्टुडिओच्या रिफॅक्टर मेनूतून अँड्रॉइडएक्सवर, म्हणजे गूगलच्या नव्या लायब्ररींवर जा. त्यानंतर टार्गेट टप्प्याटप्प्याने वाढवा आणि दर टप्प्याला फोनवर चालवून बघा. २३ ला परवानग्या विचाराव्या लागतात. २८ ला साधा एचटीटीपी पत्ता अडतो. आमच्या सोसायटीचा सर्व्हर तसाच होता, आधी त्याला एसएसएल (सुरक्षित एचटीटीपीएस पत्त्यासाठी) बसवावं लागलं.

३१ ला ब्लूटूथने मला दोन दिवस खाल्ले. पैसे जमा व्हायचे, 'पावती छापा' दाबलं की ॲप बंद. अँड्रॉइड १२ पासून जोडलेल्या प्रिंटरशी बोलायलाही 'ब्लूटूथ कनेक्ट' ही वेगळी परवानगी वापरणाऱ्याकडून घ्यावी लागते. जुन्या कोडने ती कधी मागितलीच नव्हती. माझा टेबलावरचा फोन जुना, अँड्रॉइड १० चा, त्यावर सगळं सुरळीत. म्हणून दोन दिवस गेले. चाचणीला नवा आणि जुना असे दोन्ही फोन ठेवा.

३५ ला स्क्रीन कडेपर्यंत पसरते. अँड्रॉइड १५ च्या फोनवर आमचं 'जमा करा' बटण खालच्या पट्टीमागे निम्मं लपलं. इन्सेट्सची, म्हणजे फोनच्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा सोडली की सुटतं.

५. वाटायला घाई नको

आधी एकाच एजंटाला द्या, तोही जांबोटी-कणकुंबीकडे फिरणारा, म्हणजे रेंज गेल्यावर नोंदी टिकतात का ते कळतं. इतरांनी अपडेट करण्याआधी न गेलेल्या नोंदींचा आकडा शून्य झालाय ना, हे स्वतः बघा. नुसत्या 'झालं सर'वर जाऊ नका.

६. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा

ॲप प्ले स्टोअरवर असेल तर गूगल टार्गेटची अट दरवर्षी ३१ ऑगस्टच्या सुमारास वाढवतं. २०२५ मध्ये ती ३५ झाली. त्याच सुमारास बेळगावात गणपतीची धामधूम असते आणि सोसायटीत फोन उचलायला कुणी नसतं. १ नोव्हेंबरपर्यंत मुदत मागून मिळते, पण मी हे काम जूनमध्येच काढतो.